मोट गेली, हिशेबही गेला

मंडळी, तुमच्यात सत्तरीच्या पुढचे जे कोणी असतील त्यांना मोटेची धाव आठवत असेल. विहिरीच्या काठापासून उतरती केलेली ती वाट. बैल उताराने खाली निघाले की नाडा ताणायचा, भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात धबाधबा पाणी पडायचे. मग बैल पाठमोरे मागे सरकत धाव चढायचे आणि रिकामी मोट पुन्हा खाली जायची. लहानपणी मी ते तासन् तास बघितले आहे. पण धाव उतरतीच का, सपाट का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि शाळेत कोणी विचारलाही नाही.

उत्तर सोपे आहे. चारशे किलोचा एक असे दोन बैल धरा, म्हणजे जोडीचे वजन आठशे किलो. उतार सहाला एक असा धरला, तर त्या वजनाचा सहावा भाग, म्हणजे १३० किलोच्या वर ओढ, निव्वळ बैलांच्या अंगभाराने नाड्यावर पडते. मोट दीडशे लिटरची असेल तर बरेचसे काम बैलाच्या वजनानेच झाले. खांद्याला उरला तो थोडा जोर. मग हे फुकट झाले का? नाही. परत धाव चढताना बैलांना तेच आठशे किलो अंग वर न्यावे लागते. खाली जाताना उसने घेतलेले वर येताना फेडायचे. फक्त एकदम लागणारा जोर दोन हप्त्यांत वाटला गेला. हा व्यवहार ज्याने पहिल्यांदा बसवला त्याला बल आणि ऊर्जा हे शब्द माहीत नव्हते, पण हिशेब पक्का माहीत होता.

आज आपल्याकडे शब्द आहेत आणि हिशेब नाही. तक्रार एवढीच आहे.

परवा आमची नववीतली नात ओसरीवर बसून मोठ्याने पाठ करत होती. बल आणि विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. थोड्या वेळाने म्हणाली, ''आबा, डोक्यावर ओझं घेऊन नुसतं उभं राहिलं तर कार्य शून्य होतं म्हणे.'' तिची आजी आतून म्हणाली, ''मग भरलेला हंडा घेऊन तासभर उभं राहा म्हणावं त्या पुस्तकवाल्याला!''

दोघींचेही बरोबर आहे. हंडा वर गेला नाही, तेव्हा हंड्यावर कार्य झाले नाही. पण हंडा पेलून धरताना अंगातली भाकरी जळतच असते आणि तिची नुसती उष्णता होते, घाम येतो. आता हेच विहिरीवर नेऊन बघा. व्हॉल्व्ह बंद आहे आणि मोटर चालू आहे. पाणी एक इंच वर चढत नाही, तरी मोटर वीज खातेच. ती जाते कुठे? पंपातले पाणी तापवण्यात. हात लावून बघा, पंप कोमट लागेल. आजीचा हंडा आणि आपला पंप या दोन्हींचा धडा एकच आहे. नात पाठ करते ते पान आणि आपली विहीर यांच्यात दोनशे पावलांचे अंतर आहे, ते मात्र कोणी चालत नाही.

आता मोटरवरच्या पट्टीकडे या. त्यावर एचपी लिहिलेले असते. एचपी म्हणजे घोड्याची ताकद. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जेम्स वॉट वाफेची इंजिने विकायचा. गिऱ्हाइकाला समजावे म्हणून एक इंजिन किती घोड्यांचे काम करते ते तो सांगायचा. तेच माप आजवर चालले. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. आपल्याकडे शेतीच्या हिशेबात एका बैलजोडीची ताकद साधारण एक एचपी धरतात. म्हणजे तुमच्या पाच एचपीच्या मोटरीत पाच बैलजोड्या जुंपलेल्या आहेत. साडेसातची असेल तर साडेसात. त्या दिसत नाहीत, हंबरत नाहीत, वैरण मागत नाहीत. म्हणून तर सगळा घोटाळा आहे.

एक लिटर पाणी एक मीटर उचलायला साधारण दहा जूल ऊर्जा लागते. एका एकरात एक इंच पाणी उभे करायचे तर सुमारे एक लाख लिटर लागते. विहिरीत पाणी दहा मीटरवर, म्हणजे तेहतीस फुटांवर असेल, तर एक लाख गुणिले दहा गुणिले दहा, झाले एक कोटी जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा पाणी नुसते उचलायला पावणेतीन युनिट पुरेत. पण पंप आणि मोटर मिळून सगळी वीज पाण्याला देत नाहीत. दहातले चार भाग पाण्याला पोचले तर संच चांगला समजा. म्हणजे प्रत्यक्षात सात युनिट.

आता तेच पाणी बोअरमधून शंभर मीटरवरून काढा. सातच्या जागी सत्तर युनिट! पाच एचपीची मोटर त्यासाठी पंधरा-सोळा तास चालली पाहिजे. आठ तासांच्या लाइटमध्ये एकरभराला एक इंच पाणी द्यायला दोन पाळ्या. आणि हे सगळे नीट चालले तर!

मोटेवर हेच करायचे तर दहा मीटरच्या विहिरीतून दीडशे लिटरच्या साडेसहाशेवर खेपा, म्हणजे जोडीचा आख्खा दिवस. शंभर मीटरवर पाणी असते तर दहा दिवस. पण शंभर मीटरवर मोट कोणी घातलीच नसती. बैलाची धाप बघून माणूस थांबला असता. पाणी किती परस खोल गेले ते बैलाच्या तोंडाच्या फेसावरून कळायचे आणि मग मालक उसाचे दोन वाफे कमी करायचा. बटण आले आणि ती धाप ऐकू यायची बंद झाली.

मला मोट परत आणायची नाही. बैलांचे ते हाल मी पाहिले आहेत, आणि रात्री-अपरात्री मोट हाकणाऱ्या गड्याचेही. पण बैलाच्या धापेतून मिळणारा हिशेब दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने गावात यायला हवा होता. तो शाळेच्या वाटेने येईल असे वाटले होते. आला नाही.

पूर्वी निदान बिल यायचे. आता साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, त्याबद्दल माझे दुमत नाही. कर्जाच्या ओझ्याखाली बिलाचा बोजा कमी झाला तर वाईट काय? पण बिल माफ झाले म्हणजे जूल माफ झाले नाहीत. पाणी वीस मीटर खाली गेले की मोटरीला जादा काम करावेच लागते. ते काम सरकारच्या कोणत्याही आदेशाने कमी होत नाही. बिल शून्य आले तरी मोटर जळते, केबल जळते, डीपी जळते, आणि हे सगळे आपल्याच खिशातून जाते. डीपी बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळते, ते वेगळेच.

जळण्याचा विषय निघाला आहे तर थोडे थांबू. गेल्या रब्बीत माझी मोटर दोनदा जळाली. गहू पोटरीत होता, पाण्याची पाळी आठ दिवस लांबली आणि उतारा जो घटला तो घटलाच. रिवाइंडिंगवाला म्हणाला, ''आबा, तुमच्याकडची लाइटच खराब.'' मीही मान डोलावली. पण लाइट खराब म्हणजे नेमके काय? मोटरीला ४१५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळतात साडेतीनशे. पाण्याचा भार तर तेवढाच आहे. मग मोटर काय करते? कमी दाबावर तेवढेच काम करायचे म्हणून जास्त करंट ओढते, सुमारे सव्वापट. आणि तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. हा जूलचा नियम, दहावीच्या पुस्तकात आहे. त्यामुळे सव्वापटीहून थोडा कमी करंटसुद्धा वाइंडिंग सुमारे चाळीस टक्के जास्त तापवतो. आणि वाइंडिंगचे वेष्टण दहा अंश जास्त तापत राहिले तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. एक फेज गेला असताना कंडेन्सर लावून टू-फेजवर मोटर रेटणारे आपल्यात किती आहेत ते मी विचारत नाही. मीही रेटली आहे.

बोअरमधल्या सबमर्सिबलचे आणखी एक दुखणे आहे. ती भोवतीच्या पाण्याने थंड राहते. पाणी तळाला गेले आणि मोटर कोरडी फिरली की उष्णतेला निघायला वाट नाही. म्हणून मोठी मोटर टाकून बोअर लवकर उपसणारा माणूस मोटर लवकर जाळतो. बोअरला पाणी खडकातून जेवढे झिरपते तेवढेच येते. वरून एचपी वाढवले म्हणून खडक जास्त पाणी सोडत नाही.

आता डीपीचा प्रश्न, आणि तो एकट्याचा नाही, गावाचा आहे. १०० केव्हीएच्या एका डीपीवर पाच एचपीचे पंधरा पंप आहेत असे समजा. चालू असताना प्रत्येकी साडेसात अँपिअर धरले तर एकूण ११२ होतात. डीपीची ताकद सुमारे १३५ ची, तेव्हा चालते. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते. थांबलेली गाडी हलवायला जसा बैलांना सुरुवातीला जास्त जोर लागतो, तसेच. आता पंधराही जणांनी स्टार्टरला ऑटो लावून ठेवले आहेत. लाइट आली की पंधराही मोटरी एकाच क्षणी उठतात. ११२ च्या जागी साडेसहाशे अँपिअर! डीपी किती दिवस सोसेल? फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर विचारूच नका.

ऑटो लावणाऱ्याला मी शिव्या घालणार नाही. रात्री दोनला लाइट येणार आणि रानात बिबट्या फिरतोय, तर कोण जाईल बटण दाबायला? जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे दिवसा वीज द्या, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर गावाला हे जमण्यासारखे आहे की प्रत्येक ऑटोला टायमर लावायचा आणि एकेकाची मोटर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करायची. प्रत्येक पंपाला कपॅसिटर बसवायचा, पाच एचपीला दोन केव्हीएआरचा. त्याने लाइनमधला करंट कमी होतो, शेवटच्या पंपाला व्होल्टेज बरे मिळते. महावितरण हे वर्षानुवर्षे सांगत आले आहे. एकट्याने बसवून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच गुण येतो. म्हणून हा विषय ग्रामसभेचा आहे. गटारीच्या विषयाला दोन तास जातात, याला पंधरा मिनिटे मिळायला हरकत नसावी.

काही गोष्टी तर निव्वळ निसर्गाच्या आहेत, तिथे पैसा चालत नाही. विहिरीच्या काठावर पंप बसवून पाणी तीस-पस्तीस फुटांवर गेले की पंप पाणी धरत नाही. आपण फुटव्हॉल बदलतो, ग्लँड आवळतो, मेकॅनिकला शिव्या देतो. अहो, पंप पाणी ओढत नाही! पंप फक्त पाइपातली हवा काढतो, पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा. तिची ताकद समुद्रसपाटीला दहा मीटरच्या थोडी वर, आणि आपल्या घाटमाथ्यावर त्याहून कमी. पाइपातली घट-तूट धरता सहा-सात मीटरच भरवशाचे. इटलीत विहिरी करणाऱ्यांना हे चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली आणि पुढे काही वर्षांत त्याचा शिष्य टॉरिसेली याने त्याचे कारण शोधले. चारशे वर्षांनी आपण अजून त्याच कारणापायी नवा पंप आणायला तालुक्याला जातो.

आता आमच्याच विहिरीचे सांगतो. दुसऱ्यांदा मोटर जळल्यावर नातीला म्हटले, तुझे ते कार्य आणि ऊर्जा घेऊन चल रानात. आम्ही दोरीला दगड बांधून पाणी मोजले. पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची चढण १८ मीटर भरली. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवला, भरायला ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला चार लिटर. मीटर बघितला, तासात साडेतीन युनिट. पोरीने वहीत हिशेब मांडला. चार गुणिले ९.८ गुणिले १८ म्हणजे पाण्याला मिळतात सुमारे ७०० वॉट, आणि आपण घेतो ३५०० वॉट. पाच बैल जुंपलेत आणि पाणी ओढतोय एक! उरलेले चार कुठे राबतात?

थोडे मोटरीत, थोडे पंपात जातात, ते जाणारच. पण मोठा चोर निघाला पाइप. वडिलांच्या वेळचा दोन इंची, दोनशे मीटर लांब, वर चार एल्बो. पाइपाच्या भिंतीशी पाणी घासते आणि ते घर्षण व्यास घटला की भलतेच वाढते. तेवढेच पाणी तीन इंचीतून नेले तर घर्षण सातव्या हिश्श्यावर येते. पाइप एका इंचाने मोठा, आणि फरक सातपट! उसनवारी करून तीन इंची पाइप टाकला, फुटव्हॉलची जाळी साफ केली. आता तोच ड्रम ३२ सेकंदांत भरतो. मोटर तीच, विहीर तीच. मला दुकानदाराने साडेसातची मोटर सुचवली होती. ती घेतली असती तर पाणी थोडे वाढले असते आणि भुर्दंड कायमचा मागे लागला असता.

२०१७ साली निघालेल्या बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा आख्खा पाठ आहे. आम्हाला जे लागले ते सगळे त्यात होते. वेगळी प्रयोगशाळा नको, अनुदान नको. ड्रम, दोरी, घड्याळ आणि मीटर असले की झाले. गुरुजी लोकांवर कामाचा किती भार आहे ते मला माहीत आहे. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. पण वर्षातून दोन शनिवार पोरांना विहिरीवर न्यायला कोणाची परवानगी लागते? आणि ज्यांच्या हातात शाळा व्यवस्थापन समिती आहे त्या आपण पालकांनी कधी ही मागणी केली का? आपण विचारतो काय, तर पोराला किती मार्क पडले.

सौर पंप घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात, असे जमिनीवर ठरते. पण सूर्य काही सातबारा बघून तापत नाही, आणि पाणीही सातबारा बघून वर येत नाही. दोन एकरवाल्याचे पाणी ऐंशी मीटरवर असेल तर तीन एचपीत किती येईल? वरचा हिशेब करून बघा, आणि मगच अर्जात पाण्याची खोली खरी लिहा. खोटी खोली लिहून आलेला पंप पुढे पंचवीस वर्षे पॅनेलसकट तुमच्या बांधावर उभा राहणार आहे.

गावाने ठरवले तर काय होते, हे हिवरे बाजारने दाखवले आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे त्यांनी ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. प्रत्येक गाव हिवरे बाजार होईल असे मी म्हणत नाही, आमच्या गावात तर पाण्याच्या टाकीची जागा ठरायला तीन ग्रामसभा लागल्या! पण पाण्याच्या ताळेबंदाशेजारी विजेचा एक रकाना वाढवायला काय जाते? अमुक विहीर, पाणी इतक्या मीटरवर, सेकंदाला इतके लिटर, तासाला इतके युनिट. ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि शाळेतली पोरे मिळून हे दर तीन महिन्यांनी फळ्यावर लिहू शकतील. पाणी किती खाली चालले ते मग अंदाजाने सांगायला नको.

आमच्या शाळेतल्या सरांनी नातीची वही बघितली आणि या महिन्यात नववीच्या वर्गाकडून सात विहिरी मोजून घ्यायचे ठरवले आहे. आठवी विहीर ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची घ्यावी, असे मी सरपंचांना सुचवले. तिथली मोटर दिवसाला किती तास चालते आणि टाकीत पाणी किती पडते, हे गावाला कळायला हवे. बघतो म्हणाले आहेत. ड्रम आमच्या घरून न्यायचा आहे.